पी.पी. नंबर, रात्रीचे अकरा आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार,

अण्णांच्या एसटीडी बूथवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगली लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. एरवी दोन ओळींत आभार मानून मोकळा झालो असतो. पण तुम्ही आमच्याच विटा-खानापूर भागातले, वडील कोईमतूरला गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, आणि घरी फोन यायला सहा वर्षं लागली असं लिहिलंय. म्हणजे हा राग पुस्तकातून आलेला नाही. तेव्हा उत्तर नीट द्यायला हवं.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लेख म्हणजे नुसतं स्मरणरंजन आहे. टेलिफोन खात्यानं देशाला चार दशकं रांगेत उभं केलं आणि मी त्याच खात्याचे गोडवे गातोय. सी-डॉट (फोनचे कॉल जोडणारी देशी यंत्रं बनवायला काढलेलं केंद्र) हा सरकारी गवगवा होता. फोन सामान्य माणसाच्या हातात आला तो 1995 साली खासगी मोबाइल कंपन्या आल्या म्हणून. आणि ‘एसटीडी ऐंशीच्या दशकात सुरू झालं’ हे माझं वाक्य साफ चुकलेलं आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे वादच नाही. चूक माझी. ऑपरेटरला मध्ये न घालता परगावचा नंबर थेट फिरवायची सोय आपल्याकडे 1960 साली कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली. ऐंशीच्या दशकात पसरले ते पिवळ्या पाट्यांचे बूथ. मी बूथ आणि एसटीडी यांची गल्लत केली. लेखात दुरुस्ती केली आहे.

रांगेबद्दलही तुमचंच खरं. 1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात सरकारनं स्वतःच कबूल केलं होतं, की देशात साधारण 80 लाख जोडण्या आहेत आणि 25 लाख लोक रांगेत आहेत. शंभर माणसांमागे 0.8 फोन, आणि तेव्हा जगाची सरासरी होती 10. पावणेसहा लाख गावांपैकी फोन पोचलेली गावं सुमारे 1 लाख 40 हजार. ज्यांना घाई होती आणि ऐपत होती त्यांच्यासाठी ‘ओन युअर टेलिफोन’ नावाची वेगळी रांग होती, म्हणजे आधी जास्त पैसे भरा आणि थोडं लवकर मिळवा. फोन ही चैनीची वस्तू आहे, गरीब देशानं त्यावर पैसा घालू नये, ही समजूत वरच्या लोकांच्या डोक्यात फार वर्षं घट्ट बसली होती. याचं समर्थन मी लेखात कुठे केलेलं नाही, आताही करणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. शंभर माणसांमागे 0.8 हा आकडा यंत्रं मोजतो, त्यांवर बोलणारी माणसं मोजत नाही. तुमच्याकडे जुनी लग्नपत्रिका असेल तर तिच्यावर प्रेषकाच्या नावाखाली फोन नंबर आणि कंसात ‘पी.पी.’ दिसेल. हा नंबर आमचा नाही, शेजारच्याचा आहे, तो हाक मारेल, एवढा सगळा मजकूर त्या दोन अक्षरांत होता. आमच्या बूथचा नंबर किती पत्रिकांवर पी.पी. म्हणून छापला गेला याचा हिशेब अण्णांनाही नव्हता. फोन यायचा, ‘अमक्याच्या घरी निरोप द्या, पंधरा मिनिटांनी परत करतो.’ मग मी किंवा माझा चुलतभाऊ सायकल काढायचो. पायात चपला नसलेला माणूस धापा टाकत येऊन फोनसमोर बसायचा आणि पंधरा मिनिटांचा पाऊण तास व्हायचा, कारण तिकडे लाइनच मिळत नसे. निरोपाचे पैसे अण्णांनी कधी घेतले नाहीत. त्याचं एक कारण माणुसकी होतं, दुसरं हे, की ज्याला बोलावून आणलं तो पुढच्या आठवड्यात स्वतःहून फोन करायला आपल्याकडेच येणार! अण्णा व्यवहारात कच्चे नव्हते.

आणि गर्दी व्हायची रात्री. अकरानंतर एसटीडीला पाव दर लागायचा, त्यामुळे साडेदहापासून बाकड्यावर माणसं जमायची. दिवाळीत तर बाहेर सतरंजी टाकावी लागे. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या भागातलं घरटी एक माणूस सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कुणी कोचीला, कुणी कोलकात्याला, कुणी तुमच्या वडिलांसारखं कोईमतूरला. अण्णांच्या वहीत गावांच्या नावापुढे कोड लिहिलेले होते: 0422, 0484, 033. ती वही पाहायची गरज त्यांना पडत नसे. काचेच्या केबिनमध्ये एक माउली उभी, बाहेर मीटरचे लाल आकडे पळतायत. पल्ला जितका लांबचा तितके ते भराभर पळायचे. ‘वीस रुपयांचं बोलायचंय’ असं ती आधीच सांगून आत गेलेली असायची. अठरा झाले की अण्णा काचेवर किल्लीनं टकटक करायचे. आतून आवाज आणखी चढायचा, जणू मोठ्यानं बोललं की वेळ वाढते. मग छपाईचं यंत्र करकरत चिठ्ठी सोडायचं, पदराची गाठ सुटायची. कित्येकदा तेवढंही नशिबात नसे. ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ ही बाई आमच्या घरात कुठल्याही नातेवाइकापेक्षा जास्त बोलली असेल.

ही बाई काय सांगत होती तेही बघा. अडचण फोनच्या डब्याची नव्हतीच, दोन एक्सचेंजांना, म्हणजे गावोगावचे कॉल जोडणाऱ्या यंत्रांना, जोडणाऱ्या मधल्या वाटेची होती. गावात दहा नंबर वाढवणं सोपं, पण त्या दहांना एकाच वेळी जिल्ह्याबाहेर जायचं असेल तर तेवढ्या वाटा हव्यात. आधी त्या खांबांवरच्या तांब्याच्या तारा होत्या, मग मायक्रोवेव्ह आली, मग ऑप्टिकल फायबर. रस्त्याकडेचा चर कुणाला आठवत नाही, त्याच्यावर कुणी लेखही लिहीत नाही. मीही लिहिला नाही, ही तुम्ही न काढलेली माझी आणखी एक चूक.

आता सी-डॉट. हे केंद्र ऑगस्ट 1984 मध्ये स्थापन झालं. 36 महिने आणि 36 कोटी रुपये असा वायदा होता. शहरांसाठीचं मोठं एक्सचेंज त्या मुदतीत तयार झालं नाही आणि त्यावरून पुढे बरंच राजकारण रंगलं. सी-डॉट उभं करणाऱ्या सॅम पित्रोदांची जितकी पूजा झाली तितकीच टिंगलही झाली. तुमचा ‘गवगवा’ हा शब्द एवढ्यापुरता मान्य. पण 128 पोर्टचं, म्हणजे तेवढ्या तारा जोडता येणारं, ग्रामीण एक्सचेंज हा गवगवा नव्हता. ते 1986 मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. त्याची खुबी अशी, की त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. बाहेरच्या देशांतली डिजिटल एक्सचेंजं थंड, धूळमुक्त खोलीत ठेवायची होती. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, दिवसातून चार वेळा वीज जात असताना एसी कोण चालवणार? हे यंत्र साध्या खोलीत, बॅटरीच्या जोरावर, स्वतःची उष्णता हवेत सोडत चालायचं. त्याचं तंत्र अनेक कारखान्यांना दिलं गेलं. जिथे हँडल फिरवून ऑपरेटरला विनवण्या कराव्या लागत, तिथे थेट कोड फिरवता येऊ लागला. बूथची पिवळी पाटी त्याच्या मागोमाग आली.

आणि इथेच तुमचा ‘खासगी’ हा शब्द मला अडतो. बूथ कुणाचा होता? तार सरकारची, माणूस खासगी. अण्णा काही खात्याचे नोकर नव्हते. एका अपघातात त्यांचा पाय गेला होता आणि बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं, म्हणून त्यांना तो मिळाला. मीटरवर जेवढे युनिट पडतील त्यावर कमिशन. जागा त्यांची, दिवाबत्ती त्यांची, रात्री एकपर्यंत जागायची तयारीही त्यांचीच. कमिशनसाठी जागणारा माणूस खासगी नाही तर काय म्हणायचा?

आता 1995. त्या वर्षी 31 जुलैला कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. तुमच्या हिशेबानं तिथून फोन घराघरात जायला हवा होता. पण झालं काय? मिनिटाला 8 रुपये 40 पैसे, गर्दीच्या वेळी 16 रुपये 80 पैसे. आणि समोरून फोन आला तरी पैसे तुमचेच! मोबाइलवाला नंबर बघून कट करायचा आणि बूथवर येऊन उलट फोन लावायचा. हसू नका, आमच्याकडे असे दोघे-तिघे गिऱ्हाईक होते, कमरेला पट्ट्यात फोन आणि हातात आमची चिठ्ठी. मार्च 1999 पर्यंत अख्ख्या देशात मोबाइलधारक होते साधारण 12 लाख. कंपन्या खासगी होत्या, स्पर्धा होती, तरी गाडी रुतलेली होती, कारण लिलावात बोललेल्या अवाढव्य परवाना शुल्काखाली त्या कंपन्याच दबल्या होत्या.

गाडी हलली ती नियम बदलल्यावर. 1999 च्या धोरणानं ठरावीक शुल्क काढून उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं. 2000 मध्ये लांब पल्ल्याच्या सेवेवरची खात्याची मक्तेदारी उठली. तोवर तुमच्या मोबाइलवरचा मुंबईबाहेरचा कॉलसुद्धा खात्याच्याच वाटेनं जात होता. आणि 2003 मध्ये ‘जो फोन करेल तो पैसे भरेल’ हे लागू झालं, येणारा फोन फुकट झाला. पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, मोबाइलनं लँडलाइनला मागे टाकलं. दोन्ही चार कोटींच्या वर होते. आठ वर्षांत जे झालं नाही ते दीड वर्षात झालं. या काळात कंपन्यांनी हिंमत दाखवली, दर पाडले, गावागावात टॉवर उभे केले, हे श्रेय त्यांचंच. पण त्याच सुमारास लँडलाइनचे परवाने घेतलेल्या खासगी कंपन्यांनी खेड्यांत सार्वजनिक फोन द्यायचं कबूल केलं होतं, आणि मुदतीत ते बहुतांश दिलेच नाहीत. सरकारनंही 1997 पर्यंत सगळी गावं जोडायचा शब्द दिला होता, तोही पाळला गेला नाही. शेवटी 2002 मध्ये त्यासाठी सार्वत्रिक सेवेचा वेगळा निधी काढावा लागला. सरकारी असो की खासगी, बिल कमी येणाऱ्या गावाकडे कुणाचंच पाऊल आपणहून वळत नव्हतं.

तुम्ही शेवटी खोचकपणे विचारलंय, ‘मग तो तुमचा बूथ आज कुठे आहे?’ 1 मार्च 2006 पासून सरकारी कंपन्यांनी देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया दर लावला. त्या दिवशी 0422 लांब आणि शेजारचा तालुका जवळ, हा फरकच संपला. रात्री अकराचं बाकडं ओस पडलं. अण्णांनी रिचार्जची कार्डं ठेवली, मग झेरॉक्स मशीन आणलं. केबिनची काच काढून चुलतभावानं ती शोकेसला लावली. मीटर अजून माळ्यावर आहे. वायर लावली तर लाल शून्य पेटतं.

वहीही आहे. त्यात कोईमतूरच्या पानावर बावीस नंबर आहेत, काही पेढ्यांच्या नावाने, बरेचसे नुसते ‘पी.पी.’ तुमच्या वडिलांच्या पेढीचं नाव मला इथे उघड नको, मेल करा. त्यांचा नंबर असलाच त्यात, तर पानाचा फोटो पाठवतो.