रामसेंचे भूतपट लोक हसायला बघत नव्हते

"रामसेंचे भूतपट इतके टाकाऊ आहेत की हसू येतं, म्हणूनच ते अजून बघितले जातात. कसब शून्य, कथा परदेशातून उचललेल्या, आणि थिएटरं भरायची ती अंगप्रदर्शनामुळे." रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधल्या सामरी या राक्षसाच्या फोटोखाली हा मजकूर फिरत फिरत पुन्हा माझ्यापर्यंत आला. याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी हसण्याचं बोलू. 'पुराना मंदिर' १९८४ साली आला. मी तो नंतर जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून पाहिला. विनोदी नट जगदीप पडद्यावर आला की तंबू खदखदायचा. सामरी आला की शेजारची बाई पोराच्या डोळ्यांवर पदर ओढायची. दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे यांनी हसायची जागा वेगळी ठेवली होती, घाबरायची वेगळी, आणि तंबूतल्या कुणालाही तो फरक समजावून सांगावा लागला नाही. आज भरदुपारी मोबाइलवर त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा बघून हसू येत असेल. पण तो सिनेमा तसा बघण्यासाठी बनलेला नव्हता.

कसब शून्य, हे वाक्य मला सर्वांत जास्त लागतं. या भावांचे वडील एफ. यू. रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडवर त्यांचं रेडिओचं दुकान होतं. १९७० मध्ये त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. मुलांनी मात्र थिएटरात बसून लोकांकडे बघितलं. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला लोक सावरून बसत होते. त्या निरीक्षणातून 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) उभा राहिला. सातही भाऊ छायाचित्रणाचं इंग्रजी पाठ्यपुस्तक घेऊन काश्मीरात हाउसबोटीवर राहिले आणि तिथे शिकले. मग कामं वाटून घेतली : कुमार लेखन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन. घरचा सगळा गोतावळा घेऊन महाबळेश्वरला गेले आणि चित्रीकरण उरकून परतले. पुढे सेट उभारण्याऐवजी त्यांनी मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्यासारख्या खऱ्या वास्तू वापरल्या. सामरी झालेल्या अजय अग्रवाल यांची उंची आणि तो चेहरा धुरात, रंगीत प्रकाशात कधी किती दाखवायचा, याचा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. कमी पैशांत केलेलं काम आणि न येणारं काम यांत फरक असतो.

कथा उचलल्या, हे मात्र काही अंशी खरं आहे. 'महाकाल'मधला पात्यांचा पंजा 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या अमेरिकी सिनेमातून आला हे उघड आहे. 'बंद दरवाजा'तला (१९९०) नेवला हा सैतानही शवपेटीत झोपतो, रक्त पितो, म्हणजे ड्रॅक्युलाच. पण त्याच्यापर्यंत वाट कोण काढतं ते बघा. मूल होत नाही म्हणून खचलेली ठाकूरची बायको मोलकरणीच्या सांगण्यावरून काळ्या डोंगरावर जाते. अट अशी, की मुलगी झाली तर ती नेवलाची. 'पुराना मंदिर'मध्येही घराण्याला शाप आहे तो बायका बाळंतपणात मरण्याचा. वांझ म्हणवून घेण्याची धास्ती, मुलगाच हवा हा हट्ट, खानदानाच्या पापाची फेड लेकीसुनांनी करणं, हे कुठल्या परदेशी सिनेमातून उचललं? हे आपल्या माजघरातलंच आहे. तंबूतल्या बायका त्या शवपेटीला घाबरत नव्हत्या.

राहिला अंगप्रदर्शनाचा मुद्दा. ती न्हाणीघरातली दृश्यं बाईच्या अंगाकडे गिऱ्हाइकासारखी बघतात आणि मी त्यांची वकिली करणार नाही. तरुण नट्यांना त्याची किंमत मोजावी लागली. पण थिएटर केवळ त्यानेच भरत असतं, तर त्या काळात तेवढंच विकणारे ढिगानं सिनेमे निघाले, त्यांतली चार नावं तरी आज कुणाच्या ओठांवर असती. शिवाय १९९३ मध्ये याच रामसेंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला, तो थेट दिवाणखान्यात. तिथे न्हाणीघर नव्हतं. आमच्याकडे आजीसकट सगळे बघायचे, आणि मालिका संपल्यावर मागच्या अंगणातला दिवा बंद करायला कुणी एकटं जायचं नाही.