पिनो ग्रीजो प्यायली म्हणजे इटलीची सगळी व्हाइट वाइन प्यायली, असं नाही

वाइनची आवड असलेल्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘इटली म्हणजे रेड. त्यांची व्हाइट पाणीदार आणि सगळीकडे एकाच चवीची. पिनो ग्रीजो प्यायलात की सगळं कळलं. बाटली वर्षात संपवा, बर्फासारखी गार करून प्या.’ यातलं एकेक वाक्य मला खटकतं, कारण ते वाचून माणसं चांगल्या बाटलीकडे पाठ फिरवतात.

‘इटली म्हणजे रेड’ हे पहिलंच वाक्य चूक आहे. आज इटलीत होणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून जास्त वाइन पांढरी असते. त्यात प्रोसेक्को या फसफसणाऱ्या पांढऱ्या वाइनचा वाटा मोठा आहे.

आता पिनो ग्रीजो. या द्राक्षाची साल पांढरी नसतेच, राखाडी-गुलाबी असते. इटलीच्या ईशान्य टोकाला, फ्रिउलीत जुने लोक रस सालीसकट मुरवायचे, म्हणून वाइनला तांबूस रंग यायचा. तिला ‘रामातो’, म्हणजे तांब्याच्या रंगाची, म्हणतात. 1961 मध्ये सांता मार्गेरीता कंपनीने साल लगेच बाजूला काढून स्वच्छ पांढरी पिनो ग्रीजो बनवली आणि पुढे तीच जगभर खपली. सपाटीवर भरघोस पीक घ्यायचं, लवकर तोडायचं, की वाइन फिकी होणारच. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच भांड्यातलं हवं ना?

‘सगळीकडे एकच चव’ म्हणणाऱ्यांनी सोआवे भागातल्या त्याच नावाच्या व्हाइट वाइनचंच उदाहरण घ्यावं. व्हेरोना शहराच्या पूर्वेच्या या टेकड्यांचा बराच भाग ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा आहे, आपल्या सह्याद्रीसारखा. मुख्य द्राक्ष गार्गानेगा, निदान 70 टक्के. वेली चढवायची तिथली जुनी पद्धत नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला बघताक्षणी ओळखू येईल: मांडव! पुढे लागवड खाली सपाटीवर पसरली आणि स्वस्त, पातळ सोआवेने नाव खराब केलं. म्हणून लेबलवर ‘क्लासिको’ शब्द शोधा. तो फक्त टेकड्यांवरच्या जुन्या भागालाच लावता येतो. याच गार्गानेगाचे घड काही महिने हवेशीर माळ्यावर सुकवून ‘रेचोतो दी सोआवे’ ही गोड वाइन करतात. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये कुणी उभं राहिलं असेल, तर तो गोड, दाट वास त्यांना सांगावा लागणार नाही.

सोआवेत थोडं मिसळलं जाणारं त्रेब्बियानो दी सोआवे आणि मार्के प्रांतातलं व्हेर्दिक्यो ही दोन द्राक्षं डीएनए तपासणीत एकच जात निघाली. पण मार्केत ती एकटीच्या बळावर उभी राहते. त्यातही मार्केतल्या येझी गावाच्या बागा समुद्राकडे उघड्या, तर मातेलिकाची दरी डोंगरांनी समुद्रापासून अडवलेली आणि जास्त उंचीवर, त्यामुळे वाइन अधिक धारदार. खाली सिसिलीत एट्ना ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर मिलो गावाजवळ कार्रिकांते हे पांढरं द्राक्ष पिकतं. सिसिलीच्या सखल भागात ऑगस्टमध्ये तोडणी सुरू होते, इथे ती ऑक्टोबरवर जाते. फ्रिउलीतल्या ओस्लाव्हियात वाइन बनवणारे योश्को ग्राव्हनेर 2001 पासून रिबोल्ला हे पांढरं द्राक्ष जमिनीत पुरलेल्या जॉर्जियन रांजणांत सालींसकट आंबवतात. रंग गडद केशरी, तोंडात चहासारखी तुरट. यांत ‘एकच चव’ कुठे आहे?

‘वर्षात संपवा’ हा सल्ला स्वस्त पिनो ग्रीजोपुरता बरोबर आहे, हे मान्य. पण दक्षिणेतल्या आव्हेलिनोची फियानो किंवा मिलोची कार्रिकांते पाच-सात वर्षांनी खुलते. उत्तरेकडच्या आल्तो आदिजेमधली तेर्लानोची वाइन बनवणारी सहकारी संस्था 1893 सालची. तिच्या तळघरात कित्येक दशकांच्या पांढऱ्या वाइन जपून ठेवलेल्या आहेत, आणि काही तर दहा वर्षांहून जास्त मुरवूनच बाजारात येतात.

राहिला गारवा. सोआवे क्लासिकोचा ग्लास फ्रिजमधून काढल्या काढल्या मी तोंडाला लावला, तर नुसता आंबटपणा लागला. तसाच टेबलावर ठेवला. वीसेक मिनिटांत काचेवरचं दव ओघळून गेलं, वाळलेल्या शेवंतीचा वास वर आला आणि घोट गिळल्यावर जिभेच्या टोकाला कडू बदामाची बारीकशी चव राहिली. ती कडवट चव गार्गानेगाची खूण आहे. बर्फात बुडवलेल्या बाटलीत ती सापडत नाही. दहा-बारा अंशांवर प्या.