चार कॉर्डमध्ये सगळं बसतं? नाही बसत

गिटार शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "फोक-रॉक गाण्याच्या कॉर्ड शोधत बसू नका. जी, डी, ई मायनर, सी, एवढ्या चारच असतात. पट्टी जुळत नसेल तर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. अडलं तर कॉर्ड ओळखणाऱ्या अ‍ॅपला विचारा. नुसत्या कानाने शोधायला दैवी देणगी लागते." यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तो खपतो.

चार कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या चार जुडग्यांवर, ढीगभर गाणी उभी आहेत, हे मान्य. पण या संगीताचं एक मूळ जुन्या लोकगीतांत आहे, आणि लोकगीतं मेजर-मायनर अशा दोनच कप्प्यांत मावत नाहीत. जी हा सा धरला आणि चालीत कोमल निषाद आला, म्हणजे खमाज थाटासारखी मांडणी झाली, की तिथे बऱ्याचदा एफ मेजर लागते. तिथे सवयीने डी वाजवली तर डीमधला एफ शार्प गायकाच्या एफशी भांडतो. ए मायनरच्या गाण्यात डी मायनरऐवजी अचानक डी मेजर येते, तेही असंच: धैवत शुद्ध असतो, काफी थाटासारखा.

आणि कॉर्ड बरोबर असूनही गाणं चुकतं, त्याचं काय? माझ्या अत्यंत आवडत्या गाण्यात मी कित्येक महिने सी, ई मायनर, ए मायनर वाजवत होतो. कानाला खटकत नव्हतं, पण मूळ गाण्यातली ती हळुवार उतरंड येतही नव्हती. शेवटी कॉर्ड बाजूला ठेवून फक्त खालचा सूर गुणगुणला: सी, बी, ए. पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरचं घर), दुसरा फ्रेट, मोकळी तार. मधली कॉर्ड ई मायनर नव्हतीच. ती जी होती, खर्जात, म्हणजे सगळ्यात खाली, बी घेतलेली. जी आणि बी हे दोन्ही सूर ई मायनरमध्येही असतात, म्हणून फसगत झाली. तेव्हापासून मी आधी खर्ज ऐकतो, बाकी सगळं नंतर.

कॅपोबद्दल. प्रत्येक फ्रेटला तो अर्धा स्वर चढवतो, बस्स. डी मेजर साध्या डीच्या आकाराने वाजते, तशी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून सीच्या आकारानेही वाजते. पट्टी तीच, पण मोकळ्या वाजणाऱ्या तारा वेगळ्या, म्हणून बोटांच्या हरकतीही वेगळ्या. इथेही खर्जच कामी येतो: मूळ गाण्यातल्या गिटारवर कुठे सहाव्या तारेचा मोकळा ई ऐकू आला, तर दुसऱ्या फ्रेटवरचा कॅपो बाद, कारण तिथे सगळ्यात खालचा सूर एफ शार्प असतो. शिवाय गिटार नेहमीच्या सुरांत लावलेलीच नसेल तर कॅपो काय करणार? ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहमने १९६०च्या दशकात सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावण्याची जुळणी रूढ केली. कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल हिचा डावा हात लहानपणीच्या पोलिओने अशक्त झाला होता, म्हणून तिने तारा कितीतरी निरनिराळ्या प्रकारे लावल्या. तिची गाणी नेहमीच्या आकारांत बसवताना बोटं पिळवटतात, ती उगाच नाही.

अ‍ॅपचा मला राग नाही. पट्टी न बदलता गाणं अर्ध्या वेगाने ऐकवणं आणि दोन ओळी पुन्हा पुन्हा फिरवणं ही कामं ते माझ्यापेक्षा चांगली करतं. पण सी सिक्स्थ आणि ए मायनर सेव्हन्थ या दोन कॉर्डमध्ये तेच चार सूर आहेत: सी, ई, जी, ए. कोणती म्हणायची हे खर्ज ठरवतो, आणि ढोल-बासच्या गर्दीत अ‍ॅप नेमकं तिथेच घसरू शकतं. जी, एफ, सी एवढ्याच कॉर्ड दिसल्या की ते बेधडक "सी स्केल" सांगून मोकळं होतं, गाणं जीवर येऊन विसावत असलं तरी.

राहिली दैवी देणगी. एखादा सूर ऐकून त्याचं नाव सांगता येणं ही गोष्ट थोड्यांकडेच असते, पण इथे तिची गरजच नाही. खालचा सूर गुणगुणा, तो सहाव्या किंवा पाचव्या तारेवर सापडेपर्यंत फ्रेट चाचपा. सापडला की त्यावर आधी मेजर वाजवा, मग मायनर. दोन्ही बोचल्या, तर तो सूर कॉर्डचा पाया नसून तिसरा किंवा पाचवा सूर आहे का ते बघा. माझा बी असाच सापडला होता.