धड एक काही का करत नाहीत?

परवा एका प्रदर्शनात जुना पांढरा शर्ट टांगलेला होता. त्यावर पांढऱ्याच दोऱ्याने अक्षरं भरलेली. लांबून कोरा वाटतो, उजेड तिरपा पडला की एखादी ओळ उमटते. करणाऱ्याने वडिलांना लिहिलेले, पण कधीच न पाठवलेले मेसेज होते ते. शर्टही वडिलांचाच. कोपऱ्यातल्या स्पीकरवर फोनची रिंग वाजत राहिलेली, कोणी उचलत नाही.

शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "ही क्वीअर मंडळी धड एक काही का करत नाहीत हो? ना चित्र, ना शिल्प, मध्येच आवाज काय!" (क्वीअर म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे माणसं.) मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून ही लांबण.

मला वाटतं, सांगायचं ते एका माध्यमात मावत नाही, किंवा तिथे कोणी सांगू देत नाही, तेव्हा माणूस दुसऱ्या माध्यमाचं दार ठोठावतो. छायाचित्रकार सुनील गुप्तांनी १९८६-८७ मध्ये दिल्लीतल्या समलिंगी पुरुषांचे फोटो काढले. बहुतेकांना चेहरा दाखवणं परवडणारं नव्हतं. मग फोटोखाली त्यांचेच शब्द आले. चेहऱ्याचं काम वाक्यांनी केलं. यात हौस कुठे आली?

भूपेन खख्खर तर व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. चित्रं काढायचे, गुजरातीत कथा आणि नाटकंही लिहायचे. 'यू कान्ट प्लीज ऑल' हे त्यांचं १९८१ मधलं चित्र. गच्चीत एक नागडा माणूस पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चाललीय. गाढवावर बसलं तरी लोक बोलणार, नाही बसलं तरी बोलणार. स्वतःच्या समलैंगिकतेबद्दल ते उघडपणे बोलले ते या चित्रातून, असं मानतात. मला त्यातली हुशारी आवडते. जे ऐकून लोक बिचकतील ते सांगायला त्यांनी प्रत्येकाला पाठ असलेली गोष्ट घेतली. चित्रकारातला कथाकार इथे कामी आला.

फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या अमेरिकन कलाकाराची गोड गोळ्यांची रास मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, फोटोच पाहिलेत. तरी ती पिच्छा सोडत नाही. १९९१ मध्ये त्याचा जोडीदार एड्सने गेला. त्याच वर्षी याने चकचकीत कागदातल्या गोळ्या एका कोपऱ्यात रचल्या. ठरवलेलं वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. निरोगी असतानाचं जोडीदाराचं वजन ते, असं समजलं जातं. बघणाऱ्याने हवी तर एक गोळी उचलायची. रास आजारी शरीरासारखी झिजत जाते, आणि झिजवणाऱ्यांत आपणही असतो. संग्रहालय ती पुन्हा भरू शकतं. ज्या आजाराच्या माणसाला हात लावायला लोक घाबरत होते, त्याच्यातला एक कण तुम्ही तोंडात घालता, गोड लागतो. हे भाषण देऊन कोणाला पटवता आलं असतं?

आता दुसरी बाजू. माध्यमं मिसळण्याच्या नावाखाली फुसकं कामही पुष्कळ असतं. व्हिडिओ, कविता, थोडं नाचणं, सगळं एकत्र ढवळायचं आणि वर 'संवाद' असं लेबल. कंटाळा आला की मी सरळ बाहेर पडते, कलाकार क्वीअर आहे म्हणून थांबत नाही. ती उलटी कीव झाली.

पण संवाद मोडायला आपण प्रेक्षकही कमी नसतो. त्या दिवशी शर्टवाल्याशी गप्पा ठेवल्या होत्या. "घरी कधी सांगितलंस?" हेच पाच जणांनी फिरवून फिरवून विचारलं. दोरा पांढराच का, हे एकानेही नाही. आयोजकांचं तर विचारूच नका, बोटांनी वाचायच्या त्या शर्टाखाली त्यांनी 'हात लावू नये' अशी पाटी लावली होती!

कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर बाई पाटी न बघताच शर्टाशी गेल्या आणि बाहीवरून बोट फिरवू लागल्या. "शनिवारी..." इथे त्या अडखळल्या. तो मुलगा मागेच उभा होता.

"तिथला टाका सुटलाय, काकू. 'येतो' असं आहे ते."

त्यांनी मान हलवली आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.