‘मार्केटिंग फी तुमच्याच दुकानात परत येते’ म्हणे!

गेले पंधरा दिवस कोल्हापुरात शाहूपुरीपासून राजारामपुरीपर्यंत हॉटेलवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय. ‘फ्रँचायझी घेताना मार्केटिंग फीला घाबरू नका. फायद्यातला थोडा हिस्सा जातो, जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तुमच्याच शहरात जाहिरात होते, उरलेले पैसे परत येतात आणि कंपनीला कायद्यानं हिशेब द्यावाच लागतो.’ मार्केटिंग फी म्हणजे कंपनी आपल्या नावाच्या जाहिरातीसाठी दर महिन्याला घेते ते पैसे. मी हॉटेलांची खाती लिहितो. चार गिऱ्हाइकांनी हाच मेसेज पाठवून ‘खरं काय ओ?’ विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

फायद्यातला हिस्सा? फी फायद्यावर नसतेच, विक्रीवर असते. अमेरिकेत सबवे विक्रीवर आठ टक्के रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याचे, आणि वर साडेचार टक्के जाहिरातीचे घेतं. महिना तोट्यात गेला तरी ते द्यायचेच. आपल्याकडेही रीत तीच. ऑनलाइन ऑर्डरची विक्री अॅपनं कमिशन कापण्याआधीची धरायची की नंतरची, हे करारातलं एक वाक्य ठरवतं. मी पाहिलेल्या करारांत ते आधीचीच धरतं.

क्रेडिटचं तर सरळ चुकीचं आहे. आपली साधी रेस्टॉरंटं ५ टक्के जीएसटी लावतात आणि त्या दरात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. कंपनी मात्र फीवर १८ टक्के लावते. महिन्याला ६ लाखांची विक्री आणि ३ टक्के फी धरा. फी १८,००० रुपये, त्यावर जीएसटी ३,२४०, एकूण २१,२४०. वर्षाचे २,५४,८८० रुपये. त्यातले ३८,८८० निव्वळ कराचे, आणि ते गेले ते गेलेच.

आता ‘तुमच्याच शहरात’. इथं जरा थांबतो, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. राजारामपुरीतल्या एका गिऱ्हाइकाकडं ऐन आषाढात कंपनीकडून पोस्टरांचा गठ्ठा आला. ‘सावन स्पेशल’, उपवासाची थाळी, झोके, हिरव्या बांगड्या, सगळं हिंदीत. उत्तरेचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, हे दिल्लीतल्या एजन्सीला कशाला सुचेल! इकडं टेंबलाई देवीची यात्रा, पी ढबाक वाद्य वाजतंय, घरोघरी मटण शिजतंय, आणि ह्याच्या काचेवर साबुदाणा. गठ्ठा पोत्यांच्या मागं पडून राहिला आणि त्याच आठवड्यात त्यानं स्वतःच्या खिशातून तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा फ्लेक्स लावला. सगळ्यांच्या मार्केटिंग फीतून जमतो तो फंड. करार काढून बघितला तर ‘फंड कुठं आणि कसा खर्चायचा हे कंपनी ठरवेल, प्रत्येक आउटलेटला समान लाभ मिळेलच असं नाही’ असं त्यात छापलेलंच होतं. सही त्याचीच.

उरलेले पैसे परत येत नाहीत. करारात तसं लिहिलं नसेल, तर ते पुढच्या वर्षात ओढले जातात.

आणि कायदा. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा आहे, म्हणजे कागदावर जे लिहिलंय तेच मिळणार. मेसेजवाल्यानं बहुतेक परदेशातलं काहीतरी वाचलंय. अमेरिकेत सही करण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला माहितीपत्र द्यावं लागतं. गेल्या वर्षी जाहिरात फंड कशावर खर्च झाला, उरलेल्याचं काय करता, नव्या फ्रँचायझी विकायला त्यातले किती वापरले, तुमच्या भागात खर्च करणं कंपनीवर बंधनकारक आहे का, हे सगळं त्यात लिहावं लागतं. ऑस्ट्रेलियात हा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवायचा नियम आहे. तरीही तिथल्या स्पर्धा आयोगानं २०२० साली रिटेल फूड ग्रुप या फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीवर खटला भरला आणि मार्केटिंग फंडाचा पैसा भलतीकडं वापरल्याचा आरोप त्यात होता. नियम असून ही गत!

फी म्हणजे लूटच, असं मात्र मी म्हणणार नाही. फोटो, अॅपवरचा मेनू, नव्या पदार्थाचा गाजावाजा, हे एकट्या दुकानदाराला परवडत नाही, आणि नाव चालतंय म्हणूनच तर फ्रँचायझी घेतो आपण. पण तो पैसा आपल्या हातात राहत नाही, एवढं धरून चाला.

गेल्या महिन्यात उद्यमनगरातल्या एकानं सही करण्याआधी तीन ओळी वाढवून मागितल्या. फंडाचं वेगळं खातं, वर्षाला सीएची सही असलेला हिशेब, आणि फीचा तिसरा हिस्सा कोल्हापुरात. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर अजून फोन चालू आहेत.