शाळा बंद करण्याचा ठराव कोणीच मांडत नाही

आमच्या गावात नगरपरिषदेचे मतदान 2 डिसेंबर 2025 रोजी झाले, 21 डिसेंबरला निकाल लागला आणि आता नवे नगराध्यक्ष व नगरसेवक अर्थसंकल्पाच्या विशेष सभेच्या तयारीत आहेत. प्रचाराच्या दिवसांत दारात येऊन पडलेली सगळी पत्रके मी जपून ठेवली आहेत. चौकांचे सुशोभीकरण, स्वागतकमानी, ओपन जिम, नाना-नानी पार्क, सीसीटीव्ही कॅमेरे असे बरेच काही त्यांत आहे. नगरपरिषदेच्या शाळांविषयी मात्र एकाच पत्रकात ‘सर्व शाळा डिजिटल करणार’ एवढी ओळ आहे. बाकीच्यांत तीही नाही. मी शाळा क्रमांक 2 मध्ये चौथीपर्यंत शिकलो आणि सध्या तिच्या शाळा व्यवस्थापन समितीवर शिक्षणप्रेमी सदस्य आहे, त्यामुळे ही पत्रके वाचून गप्प बसणे मला जमलेले नाही.

नगरपरिषदेची शाळा बंद करावी असा ठराव आमच्या सभागृहात आजवर कोणी मांडल्याचे मला माहीत नाही आणि पुढेही कोणी मांडणार नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. शिपाई निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही. मग सकाळी कुलूप उघडण्यापासून पाण्याची टाकी भरण्यापर्यंतची कामे शिक्षकांकडे येतात. स्वच्छतागृहाची सफाई ठेकेदाराच्या माणसावर सोपवली जाते आणि ठेक्याची मुदत संपली की दोन-दोन महिने तो माणूस फिरकत नाही. विजेचे देयक थकते, तेव्हा मुख्याध्यापिका बाई आणि दोन शिक्षक आपसांत वर्गणी काढून ते भरतात. यातील एकाही गोष्टीला कागदोपत्री कपात म्हणत नाहीत. तिला ‘पद रिक्त’, ‘निविदा प्रक्रियेत’ किंवा ‘तरतूद उपलब्ध होताच’ असे म्हणतात. वर्षभरात अशा दहा गोष्टी घडल्या की पालक मुलाचा दाखला मागायला येतो आणि त्याला थांबा म्हणण्यासाठी आमच्यापाशी काहीही नसते.

यापुढचा भाग गणिताचा आहे आणि तो बहुतेक नागरिकांना ठाऊक नसतो. दर वर्षी 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे त्या दिवशी पटावर किती मुले आहेत त्यावरून शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे, त्यातला एक शिक्षक मतदार यादीच्या कामावर गेला की उरलेल्याने पाचही वर्ग सांभाळायचे, आणि या व्यवस्थेला ‘बहुवर्ग अध्यापन’ असे भारदस्त नाव द्यायचे. पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसरीकडे जातो. शिक्षक गेला म्हणून आणखी चार पालक दाखले काढतात आणि पुढच्या सप्टेंबरला पट आणखी खाली आलेला असतो. हे चक्र थांबवण्याचा अधिकार वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला नाही, तरीही दर्जाबद्दल बोलायची वेळ आली की पहिले बोट त्याच्याकडेच वळते.

15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने हे गणित आणखी कडक केले. सहावी ते आठवीच्या गटात पट वीसच्या आत असेल तर शिक्षकाचे पदच मंजूर होणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. मूळ कायदा या इयत्तांसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक आणि गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा असे सांगतो. कायदा आणि शासन निर्णय यांच्यामधील या फटीत नेमकी ती मुले सापडतात, ज्यांच्या घरापासून दुसरी शाळा लांब असते आणि ज्यांच्या घरात रिक्षाचे मासिक भाडे परवडत नाही. आधीच्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर 2023 मध्ये, शासनाने समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एका शाळेत एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले होते आणि वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या 14,783 असल्याचे सांगितले होते. त्या शाळांत 1,85,467 मुले शिकत होती. चर्चा शाळांच्या आकड्याचीच झाली. मुलांच्या आकड्यापाशी फारसे कोणी थांबले नाही.

‘हे सगळे राज्य सरकारचे धोरण आहे, यात नगरपरिषद काय करणार?’ हा प्रश्न मला गेल्या आठवड्यात एका नवनिर्वाचित नगरसेवकांनी विचारला. ते सज्जन गृहस्थ आहेत आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे विचारला, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. शिक्षकांच्या पदांना मंजुरी नगरपरिषद देत नाही, हे खरे आहे. परंतु इमारत, पाणी, वीज, सफाई, शिपाई, कुंपण, बाकडी आणि वाचनालयाची पुस्तके या बाबी स्थानिक निर्णयावर अवलंबून आहेत, आणि माझा अनुभव असा की पालक शाळा सोडतात ते बहुतेक वेळा याच गोष्टींमुळे. मुलीला शाळेत स्वच्छतागृह वापरता येत नाही हे कळल्यावर कोणतीही आई संचमान्यतेचा शासन निर्णय वाचत बसत नाही.

पैसा नाही, हे दुसरे उत्तर नेहमी मिळते, आणि तेही पूर्णपणे खोटे नाही. 1999 साली नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. तेव्हापासून आमच्या नगरपरिषदेचे मुंबईकडे पाहत बसणे सुरू झाले. घरपट्टीच्या देयकात ‘शिक्षण कर’ असा एक रकाना असतो. तो पाहून नागरिकांना वाटते की आपण आपल्या गावच्या शाळेसाठी पैसे देतो आहोत. मीसुद्धा कित्येक वर्षे तेच समजत होतो. प्रत्यक्षात तो 1962 च्या कायद्याने बसवलेला राज्याचा कर आहे. नगरपरिषद तो वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. म्हणजे ज्या गावकऱ्याने शिक्षण कर म्हणून पैसे मोजले, त्याच्याच गल्लीतील शाळेच्या नळाला तोटी बसवण्यासाठी त्या रकमेतून थेट एक रुपयाही येत नाही. या कराचा काही ठरलेला हिस्सा वसूल करणाऱ्या गावाच्याच शाळांसाठी राखून ठेवावा, अशी मागणी आपल्या नगरपरिषदांनी एकत्र येऊन करायला हवी. असा ठराव पाठवायला खर्च येत नाही.

तरीही पैशाची सबब मला पुरती पटत नाही, कारण त्याच तिजोरीतून स्वागतकमानी उभ्या राहतात. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ती रक्कम गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावी अशी भूमिका त्यांनी घेतली आणि त्या प्रस्तावाला विरोध करणारे ते एकटेच ठरले. पुण्याच्या मंडईच्या इमारतीवरील खर्चालाही त्यांचा विरोध होता. आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे, हा योगायोग मला नेहमी थोडा खिन्न करतो. आपल्या सभागृहात त्यांची तसबीर आहे आणि प्रत्येक नव्या कार्यकारिणीचा पहिला हार तिलाच घातला जातो.

प्रशासकाच्या काळात सगळे बिघडले आणि आता लोकप्रतिनिधी आले म्हणून सगळे सुधारेल, असे मी म्हणणार नाही. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्यामुळे निवडणुका लांबल्या आणि अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर त्या मार्गी लागल्या. मधल्या काळात शाळेच्या गळक्या छताची तक्रार घेऊन जावे असा प्रभागातला माणूसच उरला नव्हता; अर्ज आवक विभागात द्यायचा आणि पोच घेऊन घरी यायचे. हे नुकसान मोठे होते. परंतु त्याआधीची शिक्षण मंडळेही मी पाहिलेली आहेत. गणवेशाची खरेदी, दप्तरांची खरेदी, बदल्यांसाठी येणारे फोन आणि दिवाळी उलटून गेल्यावर मुलांच्या हाती पडणारे बूट हे सगळे लोकप्रतिनिधींच्याच अमलाखाली होत होते. 2013 साली कायदा बदलून ती मंडळे रद्द करण्याचा निर्णय झाला तेव्हा गावात कोणी हळहळले नाही. आता शिक्षण समिती नव्याने स्थापन होईल. तिचे सभापतिपद नाराजांची समजूत काढण्यासाठी वाटले जाते की त्या पदावर पहिल्याच महिन्यात प्रत्येक शाळेत जाऊन येणारी व्यक्ती बसते, यावरून मला पुढच्या पाच वर्षांचा अंदाज येईल.

इंग्रजी माध्यमाच्या ओढीबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण प्रतिक्रियांमध्ये तो मुद्दा येणारच आहे. पालकांना दोष देण्याची आपल्याकडे सवय आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. कोल्हापूर महापालिकेच्या जरगनगर येथील शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक रात्रभर रांगा लावतात, आणि ती महापालिकेची मराठी शाळा आहे. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा 2022 च्या सुमारास तीन मुलांवर येऊन ठेपली होती. पुढे तिथला पट शंभराच्या वर गेला आणि 2025 साली तिला आंतरराष्ट्रीय पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. वीसच्या पटाची कात्री काटेकोरपणे चालवली असती तर ही शाळा पुरस्काराच्या कितीतरी आधीच मिटली असती. अशा प्रत्येक ठिकाणी एखादा असामान्य शिक्षक लाभलेला असतो हे मला मान्य आहे, आणि माझी तक्रारही तीच आहे: साधा, प्रामाणिक, वेळेवर येणारा शिक्षक ज्या शाळेत नीट शिकवू शकेल अशी व्यवस्था आपण ठेवलेली नाही, म्हणून शाळा टिकवण्यासाठी आपल्याला दर वेळी असामान्य माणूस लागतो.

विशेष सभेपूर्वी मी शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने नगराध्यक्षांना आणि मुख्याधिकाऱ्यांना एक निवेदन देणार आहे. त्यात मोठ्या मागण्या नाहीत. प्रत्येक शाळेवर गेल्या चार वर्षांत तरतूद किती होती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे अंदाजपत्रकात शाळेच्या क्रमांकानिशी छापावे. सध्या ‘शिक्षण’ या एकाच शीर्षाखाली सगळे एकत्र असते आणि कोणत्या शाळेला काय मिळाले ते कोणालाच सांगता येत नाही. शिपाई आणि सफाई यांचा खर्च कार्यालयीन आकस्मिक खर्चात न टाकता स्वतंत्र दाखवावा. शाळांची वीजदेयके नगरपरिषदेने परस्पर भरावीत. आणि 30 सप्टेंबरपूर्वी, म्हणजे ऑगस्टच्या सभेत, प्रत्येक शाळेचा पट विषयपत्रिकेवर घ्यावा, जेणेकरून तो का घसरला याचे उत्तर शिक्षकांबरोबर त्या प्रभागाच्या नगरसेवकालाही द्यावे लागेल.

सभा नागरिकांना बसून ऐकता येते. मी त्या दिवशी मागच्या खुर्च्यांवर असेन आणि शाळा क्रमांक 2 मधील काही पालकांनी, त्यातही सकाळची कामे लवकर उरकून येणाऱ्या तीन मातांनी, सोबत यायचे कबूल केले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला कळवावे. तारीख जाहीर झाली की इथेच लिहीन. येताना घरपट्टीचे चालू देयक सोबत आणावे, शिक्षण कराचा रकाना सभापतींना दाखवायचा आहे.