पिशवी काढली, पुढे काय?

‘आत्या, येताना बाबांसाठी डीएचईएची एक बाटली आण,’ असा भाच्याचा निरोप आला. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात दादाच्या फिरायला जाणाऱ्या मंडळीत सध्या याच हार्मोनच्या गोळ्यांचा विषय आहे. कुणाच्या जावयाने अमेरिकेहून पाठवल्या, गुडघे हलके झाले, झोप लागायला लागली, वगैरे. मी न्यू जर्सीत राहते. इथे ही बाटली किराणा सामानाच्या दुकानात, व्हिटॅमिनच्या रांगेत मिळते. अमेरिकेत उघड विकतात म्हणजे तपासूनच विकत असणार, हा गावाकडचा समज मात्र चुकीचा आहे. १९९४ च्या कायद्यानुसार असल्या पूरक गोळ्यांना विक्रीआधी सरकारी मंजुरी लागतच नाही. डीएचईए आपल्याच शरीरात बनतं, तरुणपणी भरपूर असतं आणि वयाबरोबर घटतं. घटलं ते भरून काढा, एवढाच विकणाऱ्यांचा युक्तिवाद. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी वयस्क स्त्री-पुरुषांना ते दोन वर्षं देऊन पाहिलं. २००६ मध्ये निकाल छापून आला: ताकदीत फरक नाही, जगण्याच्या प्रतीतही नाही. दादाला एवढं कळवलं आणि तो विषय मिटला.

मला बोलायचंय ते वहिनीबद्दल. तिच्यासाठी कुणीच काही मागवलं नाही.

वहिनीची गर्भपिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली. अंगावरून जायचं, कंबर दुखायची. ‘ठेवून काय करायची, पुढे कॅन्सर झाला तर?’ एवढ्यावर निर्णय झाला. मी विचारलं, अंडाशय ठेवली होती की तीही काढली? ‘ते काय म्हाईत नाही बघा वन्सं, पिशवी काढली म्हणून सांगितले तेवढंच.’ फाईल इंग्रजीत, सही घेतली तो फॉर्म कन्नड-इंग्रजीत, आणि वहिनी मराठी सातवी.

हा प्रश्न बारीक नाही. अंडाशय काढली की त्यांत बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन त्याच आठवड्यात कोसळतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. म्हणजे छत्तिशीत अंडाशय गेलेल्या बाईची हाडं आणि हृदय दहा वर्षं आधीच उघड्यावर पडतात. (अंडाशय ठेवली तरी ती काहींच्या बाबतीत लवकर थकतात.) अशा बाईला, दुसरी अडचण नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, यावर जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांत फारसा वाद नाही. म्हातारपण लांबवण्यासाठी हार्मोन विकणारे सगळीकडे आहेत. ज्या बाईला ते औषध म्हणून लागतं तिला मात्र कुणी विचारत नाही.

मी स्वतः इथे पन्नाशीनंतर हार्मोनचा पॅच लावते. म्हणून अमेरिकेचे गोडवे गाणार नाही. २००२ मध्ये इथल्या एका मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला: वर्षाला दर दहा हजारांत ३० च्या जागी ३८. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पण घबराट अशी पसरली की चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांनीही गोळ्या टाकल्या, डॉक्टरांनी लिहिणं सोडलं, आणि एक अख्खी पिढी पाळी जाण्याच्या काळातल्या घामाने रात्री भिजत राहिली. त्याच अभ्यासात पिशवी काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. ही बातमी तितक्या मोठ्या अक्षरांत आली नाही. आमच्या वहिनीसारख्यांच्या कामाची नेमकी तीच होती.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या काढलेल्या पिशव्यांची चर्चा २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेली, चौकशी समिती नेमली गेली. त्या टोळ्या ऊस तोडायला सीमेच्या दोन्ही बाजूंना येतात. पण पिशवी काढल्यानंतरच्या वीस-तीस वर्षांचं काय, हे कुणी धरून बसलं नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातून बाळंतपणावरचं संशोधन जगभर जातं, याचा मला अभिमान आहे. बाळंतपणं संपलेल्या बाईवर तेवढी नजर कुठेच नाही.

आणि गावात हार्मोन नाही असं थोडंच आहे? वहिनी आठवडी बाजारातून सांध्यांची पुडी आणते. पहिल्याच दिवशी गुण येतो. असल्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं अनेकदा सापडलंय, आणि तेही हार्मोनच. ते हाडं पोखरतं, साखर वाढवतं, आणि महिनोन् महिने घेऊन एकदम थांबवलं तर जिवावर बेततं. इस्ट्रोजेन गेलेल्या हाडांवर वरून ही पुडी! दादाची बाटली या पुडीपुढे निरुपद्रवीच म्हणायची.

वहिनीला मी गोळी सुचवलेली नाही. ती आता साठीच्या पुढे आहे. इतक्या उशिरा इस्ट्रोजेन सुरू करण्यात फायद्यापेक्षा धोका जास्त. ज्यांना स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठी झाल्यात, त्यांच्यासाठी तर ते नाहीच. तिने हाडांची तपासणी करावी, पुडी डॉक्टरांना दाखवून त्यांच्याच सल्ल्याने कमी करावी, आणि जुनी फाईल शोधावी, एवढंच सांगितलंय.

तिची सून पस्तिशीची आहे आणि तिलाही अंगावरून जातं.

सीमाभागात सरकारी कागद मराठीत द्या, ही आपली मागणी जुनी आहे. मोर्चे निघाले, केसेस झाल्या, मी इथे बसून त्यावर तावातावाने बोलते. त्या यादीत दवाखान्यातला सहीचा फॉर्म मात्र मी कधी ऐकला नाही. कन्नड असेल त्या बाईला कन्नडात, मराठी असेल तिला मराठीत, फक्त दोन ओळी हव्यात: अंडाशय काढणार की ठेवणार, आणि काढली तर पुढे कोणतं औषध, किती वर्षं. खानापूर, निपाणी, चिकोडीतल्या महिला मंडळांनी ही मागणी उचलली तर तिला कर्नाटक-महाराष्ट्र वादात ओढायचं कारणही कुणाला सापडणार नाही.